गोधडीच्या पोटात

मी शिकवतो असे सांगितले की समोरचा माणूस पुढे काही विचारीत नाही. मी शिवतो असे सांगितले की मात्र तो खुर्ची पुढे ओढून बसतो. फरक काय तो एका ‘क’चा, पण तेवढ्यावरून माझी मिळकत, माझे बायकोशी पटते की नाही, आणि माझे डोके ठिकाणावर आहे की नाही, या साऱ्यांविषयी लोकांच्या मनात शंका उभ्या राहतात.

खरे म्हणजे आमच्या कॉलेजात छंदांना तोटा नाही. अर्थशास्त्राचे प्राध्यापक गच्चीवर बोन्साय वाढवतात. वडाचे झाड कुंडीत कोंडण्यात त्यांना काय आनंद होतो हे कोणी विचारीत नाही. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पेटी वाजवतात; त्यांच्या शेजाऱ्यांनीही अजून तक्रार केलेली नाही. इतिहासाचे प्राध्यापक दर रविवारी एक किल्ला चढतात आणि सोमवारी तो आम्हा सर्वांना चढायला लावतात. हे सारे सुसंस्कृत छंद! मी संध्याकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, सुईत दोरा ओवायला बसलो की तेवढे मात्र घरात पाहुणे असतील तर झाकून ठेवण्यासारखे काहीतरी होते. यंदा एम.ए.च्या वर्गात माझ्यासमोर अकरा विद्यार्थी आहेत. माझ्या डबीत सुया त्याहून जास्त आहेत, आणि त्यांतली एकही गैरहजर राहत नाही, हा मुद्दा मी पाहुण्यांपुढे मांडून पाहिला आहे. त्याचा उपयोग होत नाही.

मी काय काय शिवतो म्हणाल, तर फार मोठे काही नाही. सदरा-लेंगा शिवणे हे कसबी माणसाचे काम. त्या वाटेला मी जात नाही. मी शिवतो त्या वस्तू म्हणजे बाजाराची पिशवी, चष्म्याचे घर, उशीचा अभ्रा, चहाच्या किटलीला घालायचे टोपडे, लवंगा-वेलदोड्यांचा बटवा, कोणाकडे बाळ झाले तर दुपटे आणि कुंची. माझ्या जुन्या पोथ्यांना आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना मी कापडी रुमाल शिवले आहेत. पेशवे दफ्तरातले कागद अशाच रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, हे पुण्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आणि या सर्वांच्या वर, थंडीच्या दिवसांत, महिना-दोन महिने चालणारे मोठे काम म्हणजे गोधडी.

मराठीच्या प्राध्यापकाने सुई हातात धरावी यात वास्तविक नवल ते काय? आमचा सारा धंदाच दोऱ्याचा आहे. सूत्र म्हणजे दोरा. ग्रंथ म्हणजे गुंफलेले, बांधलेले. आमच्या ओवीचे नाते ओवण्याशी जोडतात. आमचे नामदेव महाराज (१२७०–१३५०) शिंप्याच्या घरी जन्मले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि त्यांतल्या एका पदात शिंप्याचे गज, कात्री, सुई, दोरा हे सगळे सामान त्यांनी नामस्मरणाच्या कामाला लावले आहे. अंबेजोगाईच्या दासोपंतांची (१५५१–१६१५) गोष्ट तर त्याहून मौजेची. त्यांना आपले ‘पंचीकरण’ लिहायला कागद अपुरा वाटला की काय कोण जाणे, त्यांनी ते कापडावर लिहिले. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशी ती पासोडी अंबेजोगाईला जपून ठेवलेली आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे वस्त्र. मी वर्गात हे शिकवीत असे तेव्हा मुले माना डोलावून ‘चाळीस फूट’ एवढे लिहून घेत. अलीकडे मला मात्र तो आकडा सांगताना लांबीपेक्षा कापडच डोळ्यांपुढे येते.

पण हे सगळे पांडित्य मागाहूनचे. माझ्या हाती सुई आली ती दासोपंतांमुळे नव्हे. ती आली एका पत्र्याच्या ट्रंकेमुळे.

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. १९९८ साली ते निवृत्त झाले आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेले. रीतीप्रमाणे तेराव्यानंतर त्यांचे कपडे देऊन टाकायचे ठरले. सदरे गेले, कोट गेला, छत्रीसुद्धा गेली. धोतरे मात्र कोणी घेईना. आज धोतर नेसतो कोण? गड्याच्या मुलाला विचारले तर तो हसला. देवळातल्या गुरवाने ‘आमच्याकडं हायती’ म्हणून हात जोडले. शेवटी आईने ती स्वच्छ धुऊन, नीळ देऊन, घड्या घालून आपल्या ट्रंकेत ठेवली. एकूण आठ पाने. ती ट्रंक आणि तिचे जुने हातमशीन घेऊन ती आमच्याकडे पुण्याला राहायला आली. मशीन उषा कंपनीचे. नानांनी कधीकाळी पगारवाढीची थकबाकी मिळाली तेव्हा ते घेतले होते. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते दोन्ही डाग कुठे ठेवायचे, यावर त्या वेळी बरीच चर्चा झाली.

पुढच्या मार्चात टाळेबंदी आली. कॉलेज बंद, रस्ते बंद, आणि औषधांच्या दुकानांत मुखपट्ट्या मिळेनाशा झालेल्या. एप्रिल २०२० मध्ये सरकारनेच सांगितले की घरी शिवलेल्या कापडी मुखपट्ट्या वापरा. एके दुपारी आईने ट्रंक उघडली, धोतराचे एक पान बाहेर काढले, नाकातोंडावर धरून श्वास घेऊन पाहिला, आणि म्हणाली, “याच्या तीन घड्या घातल्या की झालं. दम लागणार नाही. इतकं मऊ कापड तुला पैसे टाकून मिळायचं नाही.”

तिचे वय तेव्हा शहात्तर. उजवा हात थरथरू लागला होता. मशीनचे चाक फिरवणे तिला जमत नव्हते, आणि सुईत दोरा ओवणे तर नाहीच. बायको घरूनच ऑफिसचे काम करीत होती. मुलगी दुसऱ्या खोलीत शाळेचे. रिकामा असा घरात मी एकटाच. आईने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “ये इकडे. शिकवण्यापेक्षा सोपं आहे.”

त्या उन्हाळ्यात मी शंभरावर मुखपट्ट्या शिवल्या. आधी आमच्या घरच्या, मग मजल्यावरच्या, मग सोसायटीचा रखवालदार, दूधवाला, कचरा नेणाऱ्या बायका यांच्या. त्यांत धोतराची तीन पाने संपली. संध्याकाळी मी गॅलरीत उभा राहिलो की खाली अंगणात, एकमेकांपासून सहा सहा फूट दूर, माणसे नानांचे धोतर तोंडाला बांधून फिरताना दिसत. नाना भिडस्त माणूस. जन्मभरात त्यांनी इतक्या लोकांशी इतकी जवळीक केली नसेल.

हात बसला, आणि मुखपट्ट्या संपल्यावर तो स्वस्थ बसेना. मग पिशव्या झाल्या. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवीचे दिवस तसे पालटलेच होते. आमच्या लहानपणी प्रत्येक घराच्या दारामागे खिळ्याला एक पिशवी लटकलेली असे. तिला बंद दोन, पण आयुष्य मात्र पायजम्याच्या पायाचे. पायजमा गुडघ्यात फाटला की खालचा भाग पिशवी होऊन मंडईत जाई. मी शिवलेल्या पिशव्यांना आतून धोतराचे अस्तर आहे. त्यामुळे भेंडी-गवारीचा ओलावा पुसला जातो आणि शिवणही टिकते. तीन पाने अस्तरांत गेली. ट्रंकेत उरली दोन.

तेव्हा आई म्हणाली, “आता पुरे झाल्या पिशव्या. राहिलेल्याची एक वाकळ शिवू.”

आमच्या साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात, पुण्याकडे गोधडी, कर्नाटकाच्या सीमेवर कौदी. संस्कृतातली कंथा तीच, आणि बंगालातला कांथाही तोच. बंगालच्या बायका जुन्या साड्यांच्या काठांतले रंगीत दोरे उसवून काढीत आणि त्याच दोऱ्यांनी कांथ्यावर पाने-फुले भरीत. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, आणि आज त्यांच्यातले पुष्कळजण घरात कोंकणी बोलतात. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी. त्या कडेपासून शिवायला लागतात आणि फिरत फिरत मध्याकडे येतात. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुले लावल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. नावे निरनिराळी, टाका मात्र सगळीकडे एकच : धावदोरा. सुई खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. यापेक्षा साधा टाका शिवणकामात नाही. सैबेरियातल्या गुहेत चाळीस हजार वर्षांहून जुन्या हाडाच्या सुया सापडल्या आहेत. त्यांनीही प्रथम हाच टाका घातला असेल असे मला आपले वाटते.

गोधडी शिवण्यात कसब थोडे आणि हिशेब फार. सहा फूट लांब, चार फूट रुंद अशी गोधडी धरा. धोतराचे पान लांबीत दुमडले की बेताने तेवढेच होते, आणि एका पानाच्या दोन घड्या मिळतात. वरून आणि खालून लुगड्याचे कापड. आईने आपली दोन इरकली लुगडी काढून दिली, एक निळे आणि एक हिरवे. नऊवारी नेसणे तिने गुडघ्यांच्या दुखण्यापायी केव्हाच सोडले आहे. सगळ्या घड्या एकमेकींवर पसरायच्या, मधून कडेकडे हात फिरवीत सुरकुत्या बाहेर काढायच्या, आणि कच्चा दोरा घालून टाचून घ्यायच्या. मग खरी शिवण. बोटभर अंतराने ओळी घातल्या तर साठ ओळी होतात. प्रत्येक ओळ सहा फुटांची, म्हणजे तीनशे साठ फूट. सेंटीमीटरला एक टाका धरला तर अकरा हजार टाके. हा हिशेब मी कागदावर करून आईला दाखवला. ती म्हणाली, “मोजत बसलास तर व्हायची नाही.”

तिचे नियम मात्र मोजकेच आणि पक्के होते. टाका लांब घालायचा नाही. झोपेत पायाचे बोट अडकते आणि लहान मूल रडत उठते. दोरा फार ओढायचा नाही. घड्या दबल्या की ऊब जाते. दोरा सैलही सोडायचा नाही. दोन धुण्यांत आतले कापड गोळा होऊन एका कोपऱ्यात बसते. आमच्या पदार्थविज्ञानवाल्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी पेटी बाजूला ठेवून दाद दिली. ते म्हणाले, ऊब राखण्याचे काम कापडापेक्षा घड्यांमध्ये अडकलेली हवाच जास्त करते. ती हवा दाबून घालवली तर काय उरणार? आई शाळेत चौथीपर्यंत गेली. तिला हवेचे माहीत नव्हते, पण दोरा किती ओढायचा हे माहीत होते.

आणखी एक गोष्ट तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकली. मी तुळशीबागेतून सुया, अंगुस्तान आणि जाड सुती दोऱ्याची रिळे घेऊन आलो, आणि येता येता लक्ष्मी रस्त्यावरून फुलाफुलांचे छान नवे कापडही आणावे असा विचार बोलून दाखवला. हल्ली तशा गोधड्या दुकानांत दिसतात. नव्या कापडाचे चौकोन कापायचे आणि ते पुन्हा जोडायचे. दिसतात फार देखण्या. आई म्हणाली, “नवं कापड कशाला कापायचं? ते अजून कुणी वापरलंय कुठं?” तिच्या लेखी वापरणे हे कापडाचे शिक्षण होते. शंभरदा धुतलेल्या सुती कापडाचा पीळ जातो, ते मऊ पडते, अंगाला लागते. म्हणून तर आपल्याकडे तान्ह्या बाळाचे पहिले झबले जुन्या लुगड्याचे किंवा धोतराचे शिवीत.

डिसेंबरच्या थंडीत आम्ही शिवायला बसलो. म्हणजे शिवीत मी होतो. आई समोर पाय पसरून, मांडीवर गोधडीचे दुसरे टोक घेऊन बसे, आणि अंगठ्याने माझी ओळ चाचपत असे. डोळ्यांना फार दिसत नाही, पण अंगठ्याला दिसते. अशा वेळी समोरासमोर बसूनही एकमेकांकडे पाहावे लागत नाही, त्यामुळे माणसे बोलतात. जेवणाच्या टेबलाशी ज्या गोष्टी तिच्या तोंडून चाळीस वर्षांत निघाल्या नव्हत्या, त्या त्या महिन्यात निघाल्या.

माझ्या लहानपणी आम्ही चौघे भावंडे माजघरात ओळीने निजत असू. गावाकडची थंडी, पहाटे पाहावे तर रात्री लाथाडलेली वाकळ पुन्हा अंगावर नीट घातलेली असे, पायाखाली दुमडलेलीसुद्धा. आमच्यापैकी कोणी त्याचा कधी विचार केला नव्हता. घराला छप्पर असते तसे रात्री पांघरूणही असते. मी सहज म्हणालो, “आई, चार चार पोरांना रात्रीतून पांघरूण घालायला तू उठत तरी कशी होतीस?”

“मी कुठली उठतेय!” आई म्हणाली. “दिवसभराच्या कामानं मी मेल्यासारखी पडायची. ते उठायचे. दोनदा. एकदा बारा वाजता आणि एकदा पहाटे. कंदील बारीक करून.”

“कधी बोलला नाहीत कुणी.”

“त्यात काय बोलायचं?” असे म्हणून तिने अंगठा पुढच्या ओळीवर नेला.

नानांविषयी सांगायचे तर, ते आमच्याशी बोलत ते शाळा, अक्षर आणि पैसे या तीन विषयांवर. मी पुण्याला शिकायला आल्यावर त्यांची पत्रे येत, त्यांतही हेच तीन विषय आणि शेवटी ‘प्रकृतीस जपावे’. मी एम.ए.ला पहिला वर्ग मिळवला तेव्हा त्यांनी पोस्टाने पेढ्यांसाठी पैसे पाठवले आणि कुपनावर लिहिले, ‘अक्षर सुधारावे’. त्या मुलखातल्या त्या पिढीच्या बापांत हे काही विशेष नव्हते. माया असेल, पण ती दाखवण्याची रीत नव्हती.

पंधरा-वीस ओळी झाल्या होत्या. एका संध्याकाळी आईने गोधडी चिमटीत धरून पाहिली आणि मान हलवली. “पातळ वाटते. दोन पानांच्या चारच घड्या. सहा हव्यात.”

“मग एखादी जुनी चादर घालू या,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. उठली, भिंतीला धरत आपल्या खोलीत गेली, आणि उशाखालून एक घडी घेऊन आली. धोतराचे नववे पान. ट्रंकेत ते नव्हतेच. नाना निवृत्त झाले त्या दिवशी शाळेतल्या समारंभाला ते नेसून गेले होते. लाल काठ, आणि टोकाला गिरणीचा निळा शिक्का अजून पुसट दिसत होता. मुंबईच्या गिरणीचा शिक्का. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांतल्या सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर त्यांतल्या कितीतरी गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. ज्या हातांनी ते कापड विणले त्यांचेही पुढे काय झाले कोण जाणे.

मी म्हणालो, “आई, हे राहू दे. एवढे एक ठेव ना तुझ्याकडे.”

“ठेवून काय करू? घडीवर फाटायला लागलंय बघ.”

खरेच फाटायला लागले होते. कापड वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवले की तिथला धागा झिजतो. ट्रंकेतली जपून ठेवलेली पैठणी नेमकी घडीवरच उभी चिरते, हे कितीतरी घरांत पाहायला मिळते. मी म्हणालो, “मग वरच्या बाजूला लावू. लाल काठ चारी बाजूंनी फिरवू. दिसेल तरी.”

आईने ते पान माझ्या हातून परत घेतले. “वर लावायचं नाही. वरचं कापड पहिल्यांदा विरतं. आत घाल, मधोमध.”

“मग ते कोणाला कळणार?”

“मला माहीत आहे, तुला माहीत आहे. आणखी कुणाला कशाला कळायला हवं?”

टाचलेले सारे दोरे काढून, घातलेल्या ओळी उसवून आम्ही पुन्हा सुरुवात केली. वर लुगडे, खाली लुगडे, मध्ये धोतराच्या सहा घड्या, आणि त्या सहांच्याही मधोमध लाल काठाचे पान. गिरणीचा शिक्का मी आत घडी घालून ठेवला. संक्रांत उलटून गेल्यावर शेवटची ओळ पुरी झाली. आईने गोधडी उन्हात घातली, दिवसभर दोन्ही अंगांनी तापवली, आणि रात्री ती माझ्या मुलीच्या अंथरुणावर टाकली. मला वाटले होते, स्वतःसाठी ठेवील. मी तसे म्हणालोही. ती म्हणाली, “मी आता किती दिवस पांघरणार? तिला वापरू दे. भरपूर वापरू दे.”

मुलगी ती वापरते म्हणजे कशी, तर तिच्यावर बसून अभ्यास करते, तिच्यावर चहा सांडते, मैत्रिणी आल्या की ती जमिनीवर अंथरते आणि सगळ्या मिळून तिच्यावर लोळतात. पहिले काही दिवस माझ्या पोटात कालवे. अकरा हजार टाक्यांचा धनी मी! पण आई नुसती समाधानाने पाहत असे. गोधडीचे असे आहे की वरचे कापड विरले की त्यावर नवे कापड घालून पुन्हा शिवतात. तेही विरले की आणखी एक. फारच जुनी झाली तर ती सबंधच नव्या गोधडीच्या पोटात जाते. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या जुन्या वाकळी उसवल्या तर आत आणखी एक वाकळ निघते, आणि तिच्या आत कोणाची तरी खण-चोळी. बाहेरचे बदलत राहते, आतले तसेच राहते. कपाटात जपलेले वस्त्र घडीवर चिरते आणि लोळवलेले टिकते, हा व्यवहार मला पुस्तकांत कोणी शिकवला नव्हता.

तेव्हापासून मी आणखी तीन गोधड्या शिवल्या : एक नागपूरच्या ताईला, एक शेजारच्या काकूंना त्यांच्याच साड्यांची, आणि एक आईसाठी, जी अखेर तिने घेतली. पाचवीच्या वेळी मात्र एक अडचण उभी राहिली, आणि ती हातांची नव्हे, कापडाची आहे.

घरातले जुने कपडे मी एकत्र काढले आणि त्यांत गोधडीच्या कामाचे जवळजवळ काहीच निघाले नाही. १९४१ साली इंग्लंडात टेरिलीनचा शोध लागला, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ते आपल्याकडे पोहोचले. टेरिकॉटची विजार ही एके काळी नवरदेवाची मिरवायची वस्तू होती. ते कापड सुरकुतत नाही, लवकर वाळते, वर्षानुवर्षे फाटत नाही. पण ते घाम शोषीत नाही, आणि कितीही धुतले तरी सुतासारखे मऊ पडत नाही. ओळखायचे कसे? सोपे आहे. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. सुताचा धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो, आणि बोटांत चुरगळणारी राख उरते. टेरिलीनचा धागा आक्रसतो, वितळतो, आणि टोकाला काळी टणक गोळी राहते. मी एका रविवारी स्वयंपाकघरात बसून घरातल्या तीस-बत्तीस कपड्यांची अशी परीक्षा घेतली. बायको दारात येऊन उभी राहिली. “अहो, वर्गात मुले नापास करता तेवढे पुरत नाही का?” ती म्हणाली. निकाल तर फारच वाईट लागला. माझे स्वतःचे कपडे झाडून सारे नापास. सुती म्हणून घेतलेल्या दोन सदऱ्यांच्या टोकालाही गोळ्या आल्या.

त्या रात्री मला नानांच्या नऊ पानांचा हिशेब पुन्हा आठवला. त्या माणसाकडे जन्मभरात कपडे असे कितीसे होते? आणि तरी त्यांतून शंभर माणसांची तोंडे झाकली गेली, वीस पिशव्यांना अस्तर मिळाले, आणि नात थंडीत उबेला झोपते आहे. माझ्याकडे कपाटभर कपडे आहेत. ते उद्या माझ्यामागे कोणाला देऊ केले तर कदाचित घेतीलही. पण त्यांतून कोणाचे साधे दुपटेही होणार नाही. माणूस मागे काय ठेवतो याविषयी मी वर्गात संतांच्या आधारे पुष्कळ बोललो आहे. काळी गोळी उरावी अशी मात्र माझी इच्छा नाही.

म्हणून हल्ली मी कापड घ्यायला जातो तेव्हा जरा वेळ लागतो. दुकानदार ताग्यांमागून तागे उलगडतो, रंग दाखवतो, चौकडी दाखवते की रेघ शोभते ते सांगतो. मी कापडाची कड चोळून पाहतो, सूत आहे ना म्हणून पुन्हा पुन्हा विचारतो, आणि एक धागा मागून घेतो. बायको आमच्या मैत्रमंडळींत सांगत असते, “लोक सदरा अंगाला कसा दिसेल ते पाहतात, आमचे हे तो गोधडीत कसा बसेल ते पाहतात.” सगळे हसतात. मीही हसतो.

गेल्या महिन्यात, दिवाळीसाठी म्हणून, मी असाच एक सुती सदरा शिवून घेतला. फिकट निळा, बारीक रेघांचा. घरी आल्यावर तो आईला दाखवला. तिला आता रंग नीटसे दिसत नाहीत. तिने सदऱ्याचे टोक अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरून बराच वेळ चोळून पाहिले, मग माझ्या हातात परत दिले.

“चांगला आहे,” ती म्हणाली. “पंधरा वर्षं घाल. मग कामाचा होईल.”